केडगावमार्गे नगर

बाबा, परवा मी पुन्हा नगरला जाऊन आले, आणि या खेपेला तुमच्या पद्धतीनं गेले. म्हणजे आधी केडगावला उतरले. बडोद्याहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुण्याहून एसटी, आणि गाडी थेट माळीवाडा स्टँडला जाणारी असताना मी केडगावच्या थांब्यावर पिशवी खांद्याला लावून उठले, तेव्हा कंडक्टर वैतागला. "मावशी, तिकीट नगरचं काढलंय तुमी. नगर अजून फुडं हाय." मी म्हटलं, "माहीत आहे," आणि लगेच जीभ चावली. वर्षातून एकदा आपण पाहुण्यासारखं नगर बघायला निघायचो, त्या दिवशी 'माहीत आहे' म्हणायला बंदी असायची आणि जो म्हणेल त्यानं दिवसभर पिशवी उचलायची असा दंड असायचा. पिशवी उचलायला आता माझ्याशिवाय कुणी नव्हतंच म्हणा. मी उतरले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत चढून नव्यानं नगरचं तिकीट काढलं. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, माणसांच्या तोंडी अजून नगरच येतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, बरं झालं, आता तर नावसुद्धा न ऐकलेल्या गावाला चाललोय.

माझ्या मुलाला मी एकदा हे सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे आजोबा स्वतःच्याच गावात टुरिस्ट व्हायचे?" मी म्हटलं, हो, वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी, बदली ड्यूटी लावून घेऊन. त्याला ते गरिबीचं काहीतरी वाटलं. तसं ते होतंही. वर्गातल्या मुली महाबळेश्वरला जायच्या, एक तर काश्मीरला जाऊन आली होती, आणि पाणीखात्यातल्या व्हॉल्व्हमनच्या पगारात आपल्याला शिर्डीच्या पुढं काही जमत नव्हतं. पण तुम्ही ते नाइलाजानं करत नव्हता. नाइलाजानं करणारा माणूस सावेडीतल्या दोन खोल्यांतून सकाळी सातला बायकोमुलीला घेऊन निघून, मिळेल त्या टेम्पोनं गावाच्या दुसऱ्या टोकाला केडगावला जाऊन, तिथून परत एसटी पकडून गावात शिरत नाही. "गाव बघायचं तर बाहेरून आत यायला पाहिजे," असं तुमचं म्हणणं. आई लग्नाकार्याची साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन टेम्पोत बसलेली असायची. "कुणी विचारलं तर मी ह्यांना ओळखत नाही म्हणून सांगेन," असं ती दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी आदल्या दिवशीच ती साडी इस्त्री करून ठेवायची.

मी आठ वर्षांची आहे. आपण माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलोय आणि तुम्ही उसाच्या रसवाल्यापुढं जाऊन उभे राहता. हा रसवाला तुम्हाला रोज बघतो. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून तुम्ही त्याच्या दुकानासमोरचा व्हॉल्व्ह सोडता तेव्हा तो आपली बादली घेऊन उभा असतो. त्याला तुम्ही विचारता, "अहो, किल्ला कुणीकडं आला?" तो रसाचा चरक थांबवतो, तुमच्याकडे बघतो, आईच्या साडीकडे बघतो आणि गंभीरपणे म्हणतो, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?" "केडगावकडचे." "लई लांबून आलाव की." मग तो आपल्याला किल्ल्याचा रस्ता सांगतो, प्रत्येक वळण, प्रत्येक चौक, आणि तुम्ही मान हलवत नीट ऐकून घेता. ज्या माणसाला नगरच्या कुठल्या गल्लीत पाणी आधी चढतं आणि कुठल्या बोळातलं शेवटचं घर कोरडं राहतं हे तोंडपाठ आहे, तो माणूस हात जोडून म्हणतो, "बरं झालं तुम्ही भेटलात." मला तेव्हा हा खेळ जगातला सगळ्यात भारी वाटायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी मी किल्ल्याच्या दाराशी येऊन म्हणाले होते, "हे तर पाहिलंय मी मागच्या वर्षी." पिशवी तर माझ्या गळ्यात पडलीच, शिवाय तुम्ही मला खंदकाच्या पुलावर थांबवलंत. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हता, पण त्या दिवशी जरा चढला होता. "मागच्या वर्षी तू तिसरीत होतीस. चौथीतल्या पोरीनं कुठं पाहिलाय किल्ला अजून?" मी रुसले. मग रुसूनच वर बघितलं आणि दाराच्या फळ्यांवरचे ते लोखंडी खिळे पहिल्यांदा दिसले, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. तिसरीतल्या मला ते दिसलेच नव्हते, माझी उंची कमी होती की काय कोण जाणे. एवढा मोठा दरवाजा हत्तीचा विचार करून बांधलाय, म्हणजे इथं खरोखर हत्ती आले असतील, आणि मी ज्या दगडावर उभी आहे त्या दगडावरून कुणीतरी त्यांना येताना पाहिलं असेल. मला घाम फुटला होता, बाबा. तुम्ही पिशवीचा एक बंद स्वतःच्या हातात घेतलात.

पण तुमचं खरं देवस्थान म्हणजे फराहबाग. मोठ्या कोरड्या तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला तो पडका, अवाढव्य वाडा बघून लोक कमानी मोजतात, उंची बघतात, फोटो काढतात. तुम्ही तळ्याच्या काठावर पालथे पडून एक डोळा मिटून जमिनीचा उतार बघत बसायचात. आईचा जीव वर-खाली व्हायचा, कारण अंगात धुतलेला सदरा असायचा. "मोटर नाही, पंप नाही, वीज नाही," तुम्ही झोपूनच म्हणायचात. "कोसांवरून डोंगरातलं पाणी खापराच्या नळातून आणलं आणि इथं तळं भरलं. नुसत्या उतारावर. कुठं नळ इंचभर जास्त वाकला असता तर संपलं होतं सगळं." हे तुम्ही दरवर्षी सांगायचात आणि दरवर्षी तुमचा आवाज तसाच हलका व्हायचा, देवळात बोलतो तसा. एकदा खोदाईत असाच एक जुना खापराचा नळ फुटून निघाला होता, त्याचा वीतभर तुकडा तुम्ही मला वाढदिवसाला दिलात. मैत्रिणीला बाहुली मिळाली होती आणि मला नळाचा तुकडा. मी रडले होते. तो तुकडा नंतर तीस वर्षं बँकेतल्या माझ्या टेबलावर पेनं ठेवायला होता आणि कुणी हात लावला की मी ओरडायचे.

आणखी एक तुमचा नियम मी आजही पाळते. गाव सगळं बघून संपवायचं नाही, एक जागा शिल्लक ठेवायची, म्हणजे परत यावं लागतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी पुष्कळ फिरले. आग्रा पाहिलं, दिल्ली तीनदा, विजापूर, हंपी, एकदा तर इस्तंबूलला जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी काहीतरी मुद्दाम सोडून आले आणि बरोबरच्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या. "इतके पैसे भरून आलीस आणि खाली काय बसतेस?" नगरमध्ये आपली शिल्लक जागा होती ती पाथर्डी रस्त्याच्या डोंगरावरचा महाल. महाल म्हणायचं सगळ्या नगरनं, आहे ती कबर. गावातून कुठूनही मान वर केली की दिसतो, आठ बाजूंचा, एकावर एक तीन मजले, एकटाच डोंगरावर उभा. त्याच्या पायथ्यापर्यंत आपण दोनदा गेलो, आत कमानींखाली बसून डबा खाल्ला, पण अरुंद जिन्यानं वर कधी गेलो नाही. तुम्हीसुद्धा लहानपणापासून कधी गेला नव्हता. "वरचा मजला राहू दे," तुम्ही म्हणायचात. "तू दहावीला गेलीस की बघू. मग काय, तू जाशील शिकायला."

मग ते दहावीचं वर्ष आलं. हा भाग मला लिहायचा नव्हता, पण तो टाळला तर बाकीचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवशी केडगावचा फेरा झाला, फराहबाग झाली, आणि तिथून पाथर्डीकडची गाडी पकडून महालावर जायचं होतं. तळ्याच्या काठावर माझ्या वर्गातली मुलगी भेटली, वकिलांची. बरोबर तिचे वडील आणि मुंबईचे पाहुणे, खरे पाहुणे, गळ्यात कॅमेरा अडकवलेले. मी मान खाली घालून पुढं निघाले होते. तुम्ही सरळ वकिलांपुढं जाऊन हात जोडलेत. "साहेब, महालाकडं जायला रस्ता कुठून आहे?" ते भले गृहस्थ बोट दाखवून सांगायला लागले, आणि त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, हे आपल्याकडे व्हॉल्व्ह सोडायला येतात ते काका आहेत." तिनं ते चांगल्या मनानंच सांगितलं. मुंबईची बाई हसली, तीही वाईट हसली नाही. पण माझ्या अंगाचा भडका उडाला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरे झालं बाबा. सगळ्यांना माहीत आहे तुम्ही कोण आहात. आपण काही पाहुणे नाही. आपण इथलेच आहोत, सावेडीच्या दोन खोल्यांतले."

तुम्ही जोडलेले हात हळूहळू खाली घेतलेत. "बरोबर आहे तिचं," वकिलांना म्हणालात, "आम्ही इथलेच." मग माझ्याकडे न बघता खाली वाकून पिशवी उचललीत. नियमाप्रमाणे ती माझी होती. मी हात पुढंही केला नाही. महालाची गाडी आपण पकडली नाही, सरळ घरी गेलो. आईनं डबा तसाच परत उघडून ताटात वाढला. पुढच्या दिवाळीला तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं, सुटले.

त्यानंतर मी पुण्याला शिकायला गेले. दुसऱ्या वर्षी तुमचं आंतरदेशीय पत्र आलं, नेहमीप्रमाणे पाणी किती आणि आईचा गुडघा कसा याचं, आणि शेवटी एक ओळ, "या दिवाळीला महाल राहिलाय तेवढा बघू." मी उलट टपाली लिहिलं की कॉलेजची सहल नगरवरून गेली, घरी यायला वेळ नव्हता, पण आम्ही महालावर अगदी वरपर्यंत जाऊन आलो, छान आहे. तुमचं उत्तर आलं ते चार ओळींचं. "वर गेलीस, फार चांगलं झालं. वर वारा फार असतो म्हणतात, ते खरं का?" त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. नंतर लग्न झालं, बडोद्याला गेले, आणि मुलगा दोन वर्षांचा असताना तुम्ही गेलात. कुणालाही त्रास न देता, सकाळची पाळी करून आल्यावर.

आई पुढं माझ्याकडेच होती. ती गेली तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, मी दर दिवाळीला नगरला जाते आणि लॉजवर उतरते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, दाराशी ओळखपत्र दाखवावं लागतं आणि माझ्या आधार कार्डावर बडोद्याचा पत्ता आहे. तिथला जवान विचारतो, "पहली बार?" कागदोपत्री मी आता खरीच पाहुणी आहे, आणि तुम्हाला सांगते, दर वर्षी हे गाव मला गप्प करतं. एका वर्षी जुन्या मशिदीच्या दगडावरचं कोरीवकाम बघताना लक्षात आलं की एका कोपऱ्यातलं फूल अर्धंच कोरलेलं आहे, आणि तो कारागीर हात थांबवून कुठं उठून गेला असेल याचा विचार करत मी तासभर तिथंच बसले. एका वर्षी गावातल्याच एका दुसऱ्या कबरीच्या काळ्या घुमटाखाली मी नुसती खाकरले, तर तो आवाज माझ्याभोवती फिरून परत आला. इस्तंबूल मोठं आहे, आग्र्याला तोड नाही, पण तिथं मी एकदा गेले आणि थक्क होऊन परत आले. नगरला मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी नव्यानं थक्क होते. याचं कारण तुम्ही खंदकाच्या पुलावर सांगितलं होतं, सत्तावन्न वर्षांच्या बाईनं कुठं पाहिलंय नगर अजून. मात्र या सहाही वर्षांत मी महालाकडे मान वर करून बघितलं नाही.

परवा बघितलं. माळीवाड्याला उतरून रिक्षावाल्याला किल्ला विचारला, किल्ल्याशी फराहबाग विचारली, फोन पिशवीत बंद करून ठेवला होता. फराहबागेच्या काठावर मी पालथी मात्र पडले नाही, गुडघे आईवर गेलेत माझे. मग रिक्षा करून पाथर्डी रस्त्यानं निघाले आणि डोंगराच्या पायथ्याला सोडून दिली. रस्त्याकडेला एक बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसली होती, माझ्याच वयाची असेल. महाल तिच्या डोक्यावर होता. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि सगळं बळ एकवटून विचारलं, "बाई, महाल कुठं आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं, वर महालाकडे बघितलं, आणि हसायलाच लागली. "तुमी दुसऱ्या," ती म्हणाली. "मी लगीन हून आले तवा माझी सासू बसायची हितं. एक मानूस यायचा, दर दिवाळीला. पिशवी घिऊन, येकलाच. आन् सासूला इचारायचा, मावशी, म्हाल कुठंशी हाय? अवो, डोळ्याम्होरं दिसतोय म्हाल. पर सासू बी तशीच, ती त्याला समदी वाट सांगायची. त्यो हात जोडायचा, वर जायचा, आन् घटकाभरानं खाली यायचा. लई वर्सं येत हुता. मंग यायचा थांबला."

मी विचारलं, "वर कशाला जायचे ते?"

"खालच्या कमानीतच बसायचा म्हनं. वर न्हाई चढायचा. सासूनं इचारलं हुतं येकदा, एवढं येता तर वर का न्हाई जात. तर म्हनला, माझी पोरगी येकदा वर जाऊन आलीया. ती परत आली की तिच्यासंगं जाईन. दुसऱ्यांदा बगायची मजा येगळी आसती."

मी पिशवी खाली टेकवली. तिनं विचारलं, ऊन लागलं का, पाणी देऊ का. मी पाणी प्यायले आणि वर निघाले.

महाल जवळ गेल्यावर वाढत जातो, बाबा. तुम्हाला आठवत असेल. गावातून मुठीएवढा दिसतो आणि पायथ्याशी उभं राहिलं की मान मागं टेकते. आत तळघरातल्या कबरीवर भिंतीतल्या फटीतून उन्हाची एक पट्टी पडली होती. कमानीखाली, जिथं आपण डबा खाल्ला होता, तिथं थोडा वेळ बसले. तुम्ही कुठल्या खांबाला टेकून बसत असाल ते ठरवता येईना, म्हणून आठही बाजूंनी फिरून प्रत्येकीला हात लावला. मग भिंतीतल्या त्या काळोख्या जिन्यात शिरले, पिशवी पोटाशी धरून, एकेक पायरी चाचपत. वर आले आणि कमानीतून समोर सगळं नगर होतं. किल्ल्याचं हिरवं वर्तुळ, सावेडीकडच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, पलीकडे केडगाव, आणि या डोंगरापासून गावापर्यंत एकसारखी उतरत गेलेली जमीन. तो उतार, ज्यासाठी तुम्ही धुतलेल्या सदऱ्यानं मातीत झोपायचात, तो इथून न झोपता दिसतो. तुम्हाला तो बघायचा होता. त्या पत्रापासून तुम्ही जाईपर्यंतच्या तेरा दिवाळ्या तुम्ही तीस-चाळीस पायऱ्या खाली बसून राहिलात, माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून. मी तिथं रडले, आणि मग बराच वेळ नुसती बघत राहिले, कारण न बघताच परत येणं तुम्हाला आवडलं नसतं.

खाली आले तेव्हा ती बाई पाट्या आवरत होती. मी सीताफळं घेतली. ती म्हणाली, "पार वर गेल्ता व्हय? पयल्यांदाच आलाव का?"

मी म्हणाले, "नाही. दुसऱ्यांदा."

तिनं माझ्याकडे जरा रोखून बघितलं, पिशवीकडे बघितलं. सगळ्यात मोठं सीताफळ निवडून आणखी एक पिशवीत घातलं आणि म्हणाली, "जड हाय, जपून न्या."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार. नळाच्या तुकड्यात गुंडाळी करून ठेवणार आहे, तुमच्या त्या चार ओळींच्या आंतरदेशीयाशेजारी. त्या सीताफळवालीशी मी खोटं बोलले, कारण तुम्ही तिच्या सासूला जे सांगितलं होतं ते माझ्या तोंडून मोडायला नको होतं. तुमच्याशी मात्र आता खरं बोलते. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर राहून गेलं होतं. हो, वर वारा फार असतो, बाबा. मला ते परवाच कळलं.